तापाचा कागद

नवागाम, सुरत
सोमवार, ४ जानेवारी १९९९

गायत्री,

तू हे पत्र फाडशील असं धरूनच लिहिते आहे, म्हणून कामाचं आधी लिहिते. फाडायचंच असेल तर निदान पहिला कागद वाचून फाड.

मुलगी झाल्याचं तिच्या बापानेच, योगराजभाऊंनी, फोनवर सांगितलं. साडेसात महिने, सोळाशे ग्रॅम. रडली, आणि चमच्याने दूध गिळते. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. तुझा लोकेश झाला तेव्हा साडेचौदाशे होता आणि त्याला नळीने द्यावं लागत होतं. म्हणजे ही भावाच्या पुढेच आहे.

तिथल्या दवाखान्यात काचेची पेटी एकच आहे आणि ती भरलेली आहे, म्हणून हिला लाकडी खोक्यात, वर दोनशेचा बल्ब लावून ठेवली आहे, असंही ते म्हणाले. डॉक्टरीणबाई तुला रोज सांगतात, छातीला बांध, आणि तू नाही म्हणतेस. का नाही म्हणतेस ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या मागे फोनला रांग होती. मीही विचारलं नाही.

बल्ब वाईट नाही. पण तो एकाच बाजूने तापतो, पोट गरम होतं आणि पाय गार राहतात. लाईट गेली की खोकं दहा मिनिटांत थंड, आणि पौषात नंदुरबारला काय थंडी असते ते तू मला सांगायला नको. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवत असतील तर त्या फडक्यात गुंडाळलेल्या आणि अंगापासून दूर असू देत. कातडी इतकी पातळ असते की भाजलेलं आपल्याला उशिरा दिसतं. शेगडी खोलीत आणू देऊ नकोस, कोणी कितीही मोठं माणूस म्हणालं तरी. कापसात गुंडाळायला सांगणाऱ्या बायाही भेटतील. कापूस ऊब देत नाही, असलेली ऊब धरून ठेवतो. एवढ्या लवकर आलेल्या बाळाजवळ धरून ठेवण्याइतकी ऊब नसतेच.

छातीला बांधायचं ते असं. ब्लाउज काढून छाती कोरडी पुसायची. बाळाच्या अंगात लंगोट, टोपडं आणि पायमोजे, बाकी उघडं. ते उभं धरायचं, पाय बेडकासारखे, पोट तुझ्या पोटाकडे, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून सुती कापड घट्ट गुंडाळायचं, त्यावर स्वेटर. मग तू टेकून बस, जेव, बोल, झोप लागली तर तशीच टेकून झोप. तासाच्या आत काढायचं नाही. दिवसातून जितके तास जमतील तितके.

सोबत पुष्पाबाईंचं लुगडं पाठवते. आठवत असेल. या सुरतेत घरोघर साड्यांचे गठ्ठे पडलेले असतात, पण सगळं पॉलिस्टर. लोकेशला बांधायला सुती कापड मिळेना, तेव्हा शेजारच्या पुष्पाबाईंनी आपलं जुनं नऊवारी मधोमध फाडून दिलं होतं. त्याचं उरलेलं अर्धं हे. उकळून उन्हात वाळवलं आहे. समोरच्या खोलीतले हिलालभाऊ उद्या सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने गावी निघालेत, ते नंदुरबारला उतरून तुमच्या हाती देतील.

तुम्ही सुरत सोडून सोळा महिने झाले. तेव्हा जे झालं त्याविषयी या पत्रात काही नाही. लोकेश अजून उजव्या कुशीवरच

(ही ओळ अर्धी सोडते आहे.)

तुझी जाऊ,
जयश्री


नवागाम, सुरत
बुधवार, ६ जानेवारी १९९९, दुपार

गायत्री,

आज शाळेत पाचवीच्या तासाला शिपाई बोलवायला आला, नंदुरबारचा फोन म्हणून. योगराजभाऊ होते. काल तुमच्याकडे चार तास लाईट नव्हती. मुलीचा ताप काढला तर पंच्याण्णव. बाटल्या लावून कसाबसा सत्त्याण्णवपर्यंत आणला. वजन चाळीस ग्रॅम उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं आणखी एक-दोनदा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. लुगडं पोचलं, आणि तू ते खोक्यात अंथरलंस.

मग त्यांनी तुझा निरोप सांगितला. तू म्हणालीस, "मन्हा आंगमा ऊब नही. ताईले बलावा, त्यासना आंगमा शे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि पिशवी भरली. दोन पातळं, थर्मामीटर, माझा लोकरीचा स्वेटर. पावडरचा डबाही टाकला, मग लोकेशच्या वेळी सिस्टर पावडर नको म्हणायची हे आठवून काढून ठेवला. चार वाजताची गाडी मिळाली असती. मला आनंद झाला होता, गायत्री. सोळा महिन्यांनी तू मला बोलावलंस याचा थोडा, आणि पुन्हा एक बाळ माझ्या छातीवर येणार याचा पुष्कळ जास्त. त्या आनंदाची मला ओळख होती. म्हणून पिशवी खाली ठेवली आणि लिहायला बसले.

तुझ्या अंगात ऊब आहे. प्रत्येक जिवंत माणसाच्या असते, हे मी पाचवीच्या मुलांना शिकवते. तुझ्या अंगात ती नाही असं तुला वाटायला लावणारी मी आहे. ते कसं, ते आता क्रमाने लिहिते.

९७ च्या फेब्रुवारीत लोकेशच्या वेळी तुला झटके आले होते. दोन दिवस तू शुद्धीवर नव्हतीस, मग टाके चिघळून ताप. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या छातीला होता. इथल्या वॉर्डात पेट्या तीन आणि एकेका पेटीत दोन-दोन पोरं होती, म्हणून सिस्टरनेच बांधून दिला. कांगारू म्हणायची ती त्याला. मी शिकलेली, म्हणून थर्मामीटर माझ्या हाती आला. बाळाचा आणि तुझा ताप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि तुझ्या खाटेच्या पायाशी टांगलेल्या कागदावर लिहायचा. साठ खाटांना दोन सिस्टर होत्या. जाता-येता त्यातली एक तापाचं विचारायची, "बेन, ताव केटलो?" मी सांगेन ते ती खरं धरायची. कोणीच पुन्हा बघत नव्हतं.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, आईचा ताप दोन दिवस शंभरच्या खाली राहिला की बाळ आईकडे. त्या संध्याकाळी तुझा ताप नव्व्याण्णव होता.

मी कागदावर एकशे एक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअठ्ठ्याण्णव होता. मी शंभर पॉइंट चार लिहिलं. एकदम उतरलेला दिसला तर सिस्टरला नवल वाटेल, एवढा विचार मी केला होता. असे तीन दिवस. तू शेजारच्या वॉर्डात पडून विचारायचीस, ताई, आज तरी उतरला का? आणि मी तुझ्या कपाळावर हात ठेवून सांगायची, आहे अजून थोडा.

त्या तीन दिवसांत तुझं काढलेलं दूध पुष्पाबाई मोरीत ओतत होत्या. तावातल्या बाईने बाळाला हात लावू नये, तिचं दूध बाळाला देऊ नये, असं आपल्याकडे धरतात, आणि तूही ते मानलंस. सिस्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की तापातलं दूधही चालतं. गुजरातीत सांगितलं होतं. तुला तेव्हा गुजराती येत नव्हती, आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं. मी पोचवलं नाही. पुढे तुला दूध कमी आलं, त्यात तुझ्या अंगाचा दोष नव्हता. बाळ छातीला लागलं नाही की दूध आटतं.

कारण विचारशील. मला त्याला द्यायचं नव्हतं.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. वृषालीच्या आधी मला आठव्या महिन्यात मुलगा झाला होता, माहेरी, १९७९ साली. मला ताप होता, म्हणून तो मला दिला नाही. कापसात गुंडाळून सुपात, शेगडीजवळ ठेवला होता. तो जगला त्या चार दिवसांत मी त्याला दोनदा पाहिला, दोन्ही वेळा दाराशी उभ्या असलेल्या आईच्या हातात. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. लिहिलं तर दया मागितल्यासारखं होतं, न लिहिलं तर आणखी एक गोष्ट लपवल्यासारखं होतं. दोन्हींचा विचार केला आणि लिहिलं. पण तूही ते कारण म्हणून वाचू नकोस. जो नियम माझ्यावर चालवला गेला तो काय करतो हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी तो तुझ्यावर चालवला. म्हणजे माझी चूक कमी होत नाही, वाढते.

आता चौदाव्या दिवसाचं. त्या दिवशी नवी सिस्टर होती. तिने स्वतः ताप काढला, "ताव तो नथी" म्हणाली, आणि लोकेशला माझ्याकडून सोडवून तुझ्याकडे दिला. तू पॉलिस्टरच्या साडीत होतीस, पुढचं सगळं दुधाने ओलं, वर पंखा फिरत होता. तू त्याला त्या ओल्या ब्लाउजवरच धरलंस, कारण तुला कोणी शिकवलंच नव्हतं. ओलं पुस, पंखा बंद करू, हे लुगडं घे. इतकं सांगायला मला दहा सेकंद लागले असते. लुगडं माझ्या खांद्यावर होतं. मी बाकावर बसून तासभर बघत राहिले. त्याचे पाय निळसर झाले. ताप काढला, पंच्याण्णव. सिस्टरने घाबरून त्याला पुन्हा माझ्याकडे दिला आणि अर्ध्या तासात तो गरम झाला. तेव्हा मी तुझ्याकडे बघून म्हणाले, "तुन्हा आंगमा ऊबच नही, गायत्री."

घरात मी पुस्तकी बोलते म्हणून तुम्ही सगळे मला मास्तरीण म्हणून चिडवता. ते वाक्य मात्र मी आपल्या बोलीत म्हणाले. आज शाळेच्या फोनवर भाऊंच्या तोंडून ते मला परत ऐकू आलं. तू त्यातला फक्त "तुन्हा" बदलून "मन्हा" केला आहेस.

पुढचं तुला ठाऊक आहे. लोकेश माझ्याशिवाय झोपेना. तू एक दिवस म्हणालीस, तुम्ही माझं पोरगं घेतलंत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, मी नसते तर ते असतं का. त्यावर तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. भाऊंना, यांना, सगळ्यांना वाटलं तू उपकार विसरलीस. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

सोबत माझ्या डायरीचं पान आहे, २१ ते २३ फेब्रुवारी १९९७. कागदावर खोटे आकडे लिहीत होते तेव्हा डायरीत खरे लिहीत होते. कुठेतरी खरं लिहून ठेवलं की आपण अगदीच खोटे ठरत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. नव्व्याण्णव, साडेअठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. वाचून बघ. तुझं अंग तेव्हा बरं होतं आणि आजही बरं आहे.

मी स्वतः का आले नाही तेही लिहिते. समोर आले असते तर आधी बाळ घेतलं असतं, बोलणं नंतर. आणि बाळ छातीवर आल्यावर मी बोलले नसते. मला मी ठाऊक आहे.

हे पत्र वृषालीचे वडील घेऊन येत आहेत. मिलमधून परस्पर स्टेशनवर जातील. पाकिटात काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. वाचून झाल्यावर तू सांग किंवा सांगू नकोस. उद्या दुपारी बारापर्यंत मुलगी तुझ्या छातीला नसली तर त्यांनी मला फोन करायचा आहे. मग मी येईन आणि बांधून घेईन. माझं मन साफ करण्यासाठी तिचा जीव टांगणीला लावणार नाही. पण आधी तू. ब्लाउज काढ, कोरडं पूस, लुगडं घट्ट ओढून घे. पहिला अर्धा तास काहीच होत नाहीसं वाटतं. तेव्हा घाबरून काढू नकोस.

जयश्री


नवागाम, सुरत
रविवार, १० जानेवारी १९९९

गायत्री,

"येऊ नका" हा तुझा निरोप मिळाला. येणार नाही.

गुरुवारी बारापर्यंत मी शाळेच्या ऑफिसात फोनजवळ बसले होते. मुख्याध्यापकांना घरी आजारपण आहे असं सांगितलं. फोन आला नाही. साडेबारालाही नाही. एकला मी वर्गावर गेले आणि गणिताच्या वह्या तपासल्या. त्यातल्या अकरा वह्या काल पुन्हा तपासाव्या लागल्या.

वृषालीचे वडील काल दुपारी परत आले. त्यांनी सांगितलं ते लिहिते, म्हणजे मला काय ठाऊक आहे आणि काय नाही ते तुलाही कळेल. गुरुवारी सकाळी तू पत्र दोनदा वाचलंस. नंतर योगराजभाऊंना वाचायला दिलंस आणि ते वाचेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसलीस. मग सिस्टरकडून थर्मामीटर मागून घेतलास, काखेत धरलास आणि घड्याळाकडे बघत पाच मिनिटं थांबलीस. काढून आधी स्वतः वाचलास. मग भाऊंना दाखवलास. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या यांना हाक मारलीस. लग्नापासून आजवर तू या जेठांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाहीस की कधी थेट शब्द बोलली नाहीस. तू थर्मामीटर त्यांच्यापुढे धरून म्हणालीस, "भाऊ, तुम्ही वाचा. किती आहे?"

त्यांच्याजवळ चष्मा नव्हता. उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून त्यांनी सांगितलं, साडेअठ्ठ्याण्णव.

तू म्हणालीस, "नीट बघितलं ना?"

ते म्हणाले, "नीट बघितलं, बाई."

मग तू सगळ्या पुरुषांना बाहेर काढलंस. दार लावल्यावर तू सिस्टरला लुगडं आणखी घट्ट ओढायला सांगत होतीस, एवढं त्यांना ऐकू आलं. पत्र त्यांनी नंतर बाहेरच्या बाकावर बसून वाचलं, भाऊंनी दिलं म्हणून.

घरी आल्यावर ते जेवायला बसले आणि म्हणाले, "दोन वर्षं माझ्या घरात खोटा ताप होता, आणि मी भावाला कृतघ्न म्हणत फिरलो." त्यानंतर कालपासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. ते रास्त आहे. वृषालीने विचारलं तेव्हा तिला मीच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मैत्रिणीकडे निघून गेली. रात्री जेवायला आली.

तुझा कागद त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवला होता. वहीचं पान, पट्टीने आखलेलं. गुरुवार अकरा वाजता शहाण्णव पॉइंट दोन. साडेअकराला तेच. बाराला सत्त्याण्णव. दोनला सत्त्याण्णव पॉइंट आठ. संध्याकाळी सहा ते नऊ लाईट नाही, त्याच्यासमोर अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. शुक्रवारी वजन जैसे थे. शनिवारी पंधरा ग्रॅम वर. आणि खाली तुझ्या अक्षरात: "हे आकडे खरे आहेत. पाहिजे त्याने पडताळून बघावेत."

साडेअकराच्या "तेच" शी मी बराच वेळ थांबले. त्या अर्ध्या तासात तू तिला काढलं नाहीस.

तो कागद मी डायरीत, जिथून पान फाडलं होतं तिथे चिकटवला. मग वाटलं, असं करणं म्हणजे आपणच आपली फिटंफाट केल्यासारखं होतं. म्हणून काढला. एक कोपरा फाटला आणि डिंकाचा डाग पडला. आता तो कपाटाच्या दारावर आतून लावला आहे. हेही बरोबर आहे का ते ठरवता आलेलं नाही.

एका लुगड्यावर तुझं भागणार नाही. दूध येऊ लागलं की एक सारखं ओलं होतं. पुष्पाबाईंकडे दुसरं नाही, म्हणून इथल्या बाजारात चार दुकानं फिरून सुती धोतर घेतलं. त्याची खळ जाईपर्यंत तीनदा उकळलं आहे आणि दोन तुकडे करून कडा शिवल्या आहेत. हिलालभाऊंच्या भावाबरोबर मंगळवारी पाठवते. पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही.

उत्तराची अपेक्षा नाही. फक्त कापड ओलं झालं की लगेच बदल, पंखा असला तर बंद कर, आणि छाती आधी कोरडी पुसून घे. हे सांगायचं त्या दिवशी राहिलं होतं.

जयश्री